तीन बादल्या, मेबलची धरली तर सव्वातीन

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, तीन बादल्या मीठ म्हणजे काय दरोडा आहे का? तीन हो! फरशी पुसायची ती निळी बादली, तीही काठोकाठ नाही, सांडू नये म्हणून चार बोटं रिकामी ठेवलेली… मेबलची धरली तर सव्वातीन. मेबलची म्हणजे तिची ती समुद्रावरची लाल बादली, वाळूचा किल्ला करायची, तिच्यात मावून मावून मावतं किती? पण तेवढ्यासाठी नऊ रात्री मी आढ्याकडे डोळे लावून पडले होते, शेजारी नवरा खुशाल घोरतोय, आणि माझ्या डोक्यात एकच चित्र: भरलेल्या सभेत नगरसेवक पिकर्सगिल उभे राहून विचारणार, "टेंटर हिलच्या पेटीतलं मीठ गेलं कुठं?" आणि माझी पाच वर्षांची पोरगी हात वर करणार. करणारच हो! शाळेत तेच तर शिकवलंय, उत्तर येत असलं की हात वर करायचा!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी भयंकर केलंय. केलंय म्हणा. पण पहिल्यापासून.

आमची गल्ली म्हणजे टेंटर हिल. चौदा घरं, आणि उतार असा, की वरच्या घरातून संत्रं सोडलं तर ते थेट चर्चच्या पायरीवर जाऊन थांबेल. पालिकेची मिठाची गाडी खालच्या मोठ्या रस्त्यावरून जाते, पिवळा दिवा गरगर फिरतोय, मागून खडेमीठ चहूकडे उडतंय, आणि मेबल खिडकीच्या काचेला नाक चिकटवून तिला रोज टाटा करते. पण गाडी आमच्याकडे काही वळत नाही. वर चढली तर खाली उतरायची कशी, म्हणून. मग आम्हाला काय दिलंय? तर गल्लीच्या वरच्या टोकाला एक पिवळी पेटी. झाकण उघडा, तांबूस मीठ घ्या, रस्त्यावर टाका, चालू लागा. झाकणावर ठळक अक्षरात लिहिलंय: "फक्त सार्वजनिक रस्ता व पदपथासाठी." आणि हे मी वाचलंच नव्हतं असं मला म्हणायची सोय नाही, कारण… कारण त्या पेटीची वॉर्डन मीच.

हो, मीच. ऑक्टोबरात गावसभेत मी फक्त विचारलं होतं, "मग पेटीतलं मीठ टाकतं कोण?" एवढंच! चार बुकं शिकलेल्या बाईला खोड असते ना प्रश्न विचारायची. आणि आमच्याकडे पद्धत अशी, की ज्यानं विचारलं त्याच्याच गळ्यात ते पडतं. गावसभेच्या चिटणीस मिसेस लम्ब, आमच्या समोरच राहतात, त्यांनी लगेच वही उघडली. "अगं, किती छान! रोझलिंड करणार! तरुण रक्त!" मी बत्तीस वर्षांची, पाठ कायमची धरलेली, पण त्या गावात मी तरुण रक्त. मला मिळालं काय? एक पिवळंधमक चकाकतं जाकीट, दोन मापं मोठं, पाठीवर 'हिवाळी वॉर्डन' अशी अक्षरं, एक फावडं, आणि प्लास्टिकात बंद केलेला सूचनांचा कागद. मेबलला इतका अभिमान, तुम्हाला सांगते, पोस्टमनला सांगितलं, वाण्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तर तोंडात आरसा असताना सांगितलं. "आँई आँर्डन आँए." त्याला कळलं म्हणे.

आणि मग जानेवारी आला. असा जानेवारी, की कुत्र्याचं पाणी वाटीसकट उचललं जायचं, वाळत घातलेली पँट आपल्या पायांवर उभी राहायची. रेडिओवर रोज पालिकेचं तेच: मीठ जपून आहे, मोठे रस्ते आधी, बाकीच्यांनी धीर धरा. मी धरला हो धीर! रोज सकाळी जाकीट चढवून वळणावर, चढावर, पोस्टाच्या पेटीपाशी फावडंभर फावडंभर टाकत होते, अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे. पण तो सोमवार.

सोमवारी सकाळी मेबलला मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं, गाडी सुरू केली, आमची वाट दारापासून फाटकापर्यंत उतरतीच, आणि मी ब्रेक दाबला… आणि गाडी चालतच राहिली. मागे! आवाज नाही, धक्का नाही, एखादी राणी मागं मागं जाते तशी. मी ब्रेकवर उभी, हँडब्रेक ओढलेला, फाटकातून बाहेर, गल्ली ओलांडून, मिसेस लम्बच्या दगडी भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी आपोआप थांबली. माझे हात स्टिअरिंगला चिकटलेत, आणि मागून आवाज आला, "आई, पुन्हा!"

पुन्हा म्हणे! आता सांगा, त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? शाळेतून तिला आणलं, आणि सरळ गेले पेटीकडे. बादली घेऊन. आणि ह्यात विशेष काय तर मी जाकीट घातलं. चोरी करायला जाताना माणूस काळे कपडे घालतो, मी पाठीवर हुद्दा लिहिलेलं पिवळंधमक जाकीट घालून गेले, लांबूनही दिसावं म्हणून खास बनवलेलं! मनाला म्हटलं, वॉर्डन आहे, मीठ टाकतेय, टाकतेय ते महत्त्वाचं. कुठं टाकतेय ते बारीकसारीक झालं. तीन खेपा. मेबल मागून तिची लाल बादली घेऊन, मांजरासाठी पायरीवर चिमटी चिमटी मीठ टाकत.

डंकन, माझा नवरा, दारात चहाचा मग घेऊन उभा. मदत करायला नाही, सल्ला द्यायला. "फाटकाबाहेर टाकू नको हं."

"का?"

"अगं, बाहेर टाकलंस आणि मग कुणी घसरलं, तर खटला आपल्यावर. हात न लावता तसंच सोडलं तर आपला काही संबंध नाही. सगळ्यांना माहितीये."

हे 'सगळ्यांना माहितीये' म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला सांगते! आमच्याकडे प्रत्येक घरात हे सगळ्यांना माहीत असतं. अमक्याच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं दारापुढचा बर्फ झाडला आणि त्याच्यावर खटला झाला. तो मेहुणा कुणी पाहिलेला नाही, शेजारी कुणी पाहिलेला नाही, पण बर्फ झाडला की गुन्हेगार, नाही झाडला की निर्दोष, हे मात्र पक्कं! आणि मी, विद्यापीठातून पदवी घेतलेली बाई, ऐकलं! फाटकाच्या रेषेवर थांबले. पट्टी लावल्यासारखी. आत काळीकुळकुळीत, ओली, स्वच्छ वाट. बाहेर पांढरा, गुळगुळीत, चकचकीत बर्फ. सबंध गल्लीत पुढच्या बाजूला एवढी एकच गोष्ट काळी, आमची वाट. वरून विमानातून दिसली असेल.

बुधवारी मिस्टर टॉर्डॉफ पडले.

वर दोन घरं सोडून राहतात, एकटेच, शहात्तर वर्षांचे. आणि ते कोण होते म्हणाल, तर पालिकेच्या मिठाच्या गाडीचे ड्रायव्हर! एकतीस हिवाळे! अख्ख्या खोऱ्याला एकतीस वर्षं न घसरता घरी पोचवलेला माणूस पत्र टाकायला म्हणून खाली निघाला, आणि माझ्या फाटकापासून चार पावलांवर पडला. चार! मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टोस्ट कापत होते. आवाज काही आला नाही. फक्त एक टोपी घसरत घसरत फाटकातून आत आली आणि आमच्या त्या काळ्या, स्वच्छ वाटेवर येऊन थांबली. जसं काही तिला तरी कळत होतं कुठं सुरक्षित आहे.

मी धावले, "हलू नका, मिस्टर टॉर्डॉफ, अजिबात हलू नका!"

ते मनगट पोटाशी धरून बसलेले. "पोरी, हलता आलं असतं तर मी इथं हौसेनं बसलो असतो का?"

त्यांना उचलायचं तर पायाखाली मीठ हवं, म्हणून मी फावडं घेऊन वर पेटीकडे पळाले, दोनदा आपटले, झाकण उघडलं, फावडं घातलं, आणि… खर्रर्र. रिकामी हो. तळ! प्लास्टिकच्या तळावर फावडं घासल्याचा तो आवाज, खर्रर्र, अजून चहात साखर ढवळताना मला ऐकू येतो. मी तिथंच थिजले. तीन बादल्या. मेबलची धरली तर सव्वातीन. मी संपवलं सगळं!

परत आले तर सारी गल्ली जमलेली, कुणी घोंगडी आणलेली, कुणी चहा. "पेटी… पेटी रिकामी आहे," मी कशीबशी म्हटलं. बस्स! मिसेस लम्बना तेवढंच पाहिजे होतं. "भरलीच नाही त्यांनी! आपण कर भरायचे, आणि हे भरणार नाहीत पेटी!" मग एकेक जण सुरू. हे असंच असतं, मागच्या वर्षी पण असंच, ह्यांना फक्त पाट्या लावता येतात… चौदा घरांचं कधी कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, ते तिथं झालं. मी तोंड उघडलं, "नाही, म्हणजे… खरं तर मी…"

"तू काय करणार गं बिचारी!" मिसेस लम्बनी माझी पाठ थोपटली. नेमकी जाकिटावरच्या 'वॉर्डन'वर.

आणि मिस्टर टॉर्डॉफ? त्यांनी आधी टोपीकडे पाहिलं. मग त्या टोपीखालच्या वाटेकडे. मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "टोपी दे माझी."

त्या दुपारी पुन्हा बर्फ पडला, एवढा पडला की मिठालाही आवरला नाही, आमची वाट बाकीच्यांसारखी पांढरी झाली, आणि तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच लाज वाटायला लागली. रात्री डंकनला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "फाटकाबाहेर नव्हतं ना टाकलं? मग सुटलो आपण." आणि झोपला! ह्या माणसाबरोबर मी आयुष्य काढणार आहे.

दुसऱ्या दिवशी ठरलं, पालिकेला कडक पत्र जायला पाहिजे. लिहिणार कोण? चौदा घरांची तोंडं माझ्याकडे. "रोझलिंड लिहील, ती शिकलेली आहे." आणि मी लिहिलं! नाही म्हणायला तोंड हवं ना! आणि वाईट लिहावं की नाही माणसानं? पण नाही, एकदा लिहायला बसले की मला चांगलंच लिहावंसं वाटतं, सवय. 'अक्षम्य हलगर्जीपणा' असं लिहिलं मी. मी! 'एका निष्ठावंत सेवकाला त्याच्याच उतारवयात' असंही लिहिलं. मिसेस लम्बच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस सह्या झाल्या. बत्तिसावी माझी.

पालिकेचं उत्तर फोनवरच आलं: पेटी भरली होती. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी. कीरननं. हा कीरन म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या पेट्या भरणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा, मिस्टर टॉर्डॉफच्या हाताखाली तयार झालेला. "खोटं बोलतोय!" मिसेस लम्ब. "बसला असेल गाडीत हीटर लावून सँडविच खात!" दोन दिवसांत सगळ्या गावाला सँडविचमध्ये काय होतं तेसुद्धा माहीत झालं. हॅम आणि मोहरी. वाण्यानं त्याला सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले, मी स्वतः पाहिलं, कारण रांगेत त्याच्या मागेच मी होते. तो वळला, माझं जाकीट पाहिलं, आणि म्हणाला, अगदी हळू, "बाई, तुम्ही तर वॉर्डन. सोमवारी झाकण उघडलं असेल ना तुम्ही. भरलेली होती की नाही? तुम्ही सांगा की ह्यांना."

सगळं दुकान माझ्याकडे बघतंय. आणि मी काय म्हणाले असेन? "मी… घरी शेगडीवर दूध ठेवलंय!" आणि पळाले. हातात न उघडलेली दुधाची बाटली. पैसे न देता. म्हणजे मीठ, आणि आता दूध. एकदा सुरुवात झाली की माणूस कुठवर जातं बघा.

आणि इकडे मिस्टर टॉर्डॉफ प्लास्टर घालून घरी आलेले. उजवा हात. म्हणून मी सूप नेलं. सोबत मेबल, तिला कुठं ठेवणार? मी त्यांच्या स्वयंपाकघरात सूप गरम करतेय, साचलेली भांडी घासतेय, आणि बाहेरच्या खोलीत ही त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून कुजबुजतेय. मी विचारलं, "काय गं बोलत होतात एवढं?" तर म्हणाली, "मिठाच्या गाडीबद्दल." मी म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचा वेळ गेला.

ठरवलं होतं, उद्या सांगायचं. उद्या पार्किन घेऊन गेले, आल्याचा केक तो, जरा जास्तच गूळसर झालेला, आणि नुसती ताटली ठेवून परत आले. परवा राइस पुडिंग. तेरवा सफरचंदाचा क्रंबल. अपराध जेवढा जुना होत गेला, तेवढं लोणी वाढत गेलं! आणि ते मोठे साधे माणूस हो, एकेक घास खाऊन सहज म्हणायचे, "आमच्या वेळी मीठ कुठं जातंय ते नुसतं बघून कळायचं, पोरी. रस्ता बोलतो." मला ठसका! किंवा, "कीरनला मीच शिकवलाय. पेटी भरताना झाकण बसत नाही इतकी भरतो. मूर्ख आहे." आणि माझ्याकडे बघत राहायचे, चमचा हातात धरून. आणि मी? मी म्हणायची, "अजून थोडं घ्या ना." मग एक दिवस म्हणाले, "मेबल सांगत होती तू लेमन केक छान करतेस." मी मेबलकडे पाहिलं. मेबलनं आढ्याकडे पाहिलं. मला काही म्हणजे काही संशय आला नाही! गुन्हेगाराचं सगळं लक्ष स्वतःकडे असतं, त्याला दुसरं काही दिसतच नाही.

तर ती सभा. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये, लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. पिकर्सगिल समोर. मिस्टर टॉर्डॉफ पहिल्या रांगेत, हात गळ्यात बांधलेला. कीरन मागे भिंतीला टेकून उभा, लोकरी टोपी दोन्ही हातांत पिळत. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसला नाही. मी मेबलला घेऊन मिस्टर टॉर्डॉफच्या शेजारी बसले आणि वर पाहिलं.

पिकर्सगिलच्या डोक्यामागे भिंतीवर मुलांची चित्रं. 'थंडीत आपल्याला मदत करणारी माणसं.' मधोमध मेबलचं. सगळा कागद पांढरा सोडलेला, मिसेस लम्बचं घर पांढरं, चर्च पांढरं, आणि मधून एकच जाड काळा पट्टा, फाटकापासून थेट आमच्या दारापर्यंत. पट्ट्यावर एक पिवळी बाई. हातात निळी बादली. शेजारी छोटी, लाल. आणि खाली शाळेतल्या बाईंच्या सुवाच्य अक्षरात, 'मेबलची आई सगळ्यांना सुरक्षित ठेवते!' आणि सोनेरी चांदणी.

"आई," मेबल हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाली, "ते बघ, आपण!"

आणि मिसेस लम्ब उठून वाचायला लागल्या, माझंच पत्र, माझेच शब्द, 'अक्षम्य हलगर्जीपणा' तर त्यांनी दोनदा वाचलं, आवडलं म्हणून. दर वाक्याला मागून "खरंय, खरंय." दर "खरंय"ला कीरनची टोपी एक पीळ जास्त. मग पिकर्सगिल म्हणाले, "आमचा माणूस सांगतो, पेटी काठोकाठ भरली होती. तुम्ही म्हणता, भरलीच नाही. मग मीठ गेलं कुठं?" अगदी मी नऊ रात्री ऐकलं होतं तस्संच! "तुमच्या वॉर्डन इथं आहेत. त्यांनाच विचारू."

आणि शेजारून मेबलचा हात वर निघाला.

मी तो धरला हो. धरला आणि खाली दाबला. तिच्या मांडीवर दाबून ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, गोंधळून. उत्तर तर येतंय, मग हात वर का नाही करायचा? आणि ती एवढीशी मूठ माझ्या मुठीत, गरम, वर यायला धडपडतेय, आणि मला एकदम दिसलं मी काय करतेय ते. मीठ नेलं त्याची मला एवढी लाज वाटली नव्हती. खरंच सांगते. तीन बादल्यांची नाही, त्या एका हाताची वाटली.

मी तिचा हात सोडला. आणि स्वतःचा वर केला.

"भरलेली होती," मी म्हणाले. आवाज कुठून आला देव जाणे. "काठोकाठ. झाकण बसत नव्हतं इतकी. कीरन खरं बोलतोय. मीठ मी नेलं. माझ्या दारापुढं टाकायला. तीन बादल्या."

"माझी लाल पण," मेबल.

"आणि मेबलची. आणि ते पत्र मीच लिहिलं, आणि दुकानात दूध वगैरे काही शेगडीवर नव्हतं, आणि मिस्टर टॉर्डॉफ, तुमचा हात माझ्यामुळं मोडला." आणि रडले. पिवळ्या जाकिटात, बुटक्या खुर्चीशेजारी उभी राहून, बाही दोन मापं मोठी म्हणून तिलाच नाक पुसलं.

मागे कीरननं टोपी डोक्यावर घातली. "आभारी आहे, बाई," एवढंच म्हणाला. एक शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मिस्टर टॉर्डॉफ उठले. त्या बुटक्या खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागला, कुणी मदतीला धजलं नाही. "ती पेटी," ते म्हणाले, "मी एकतीस वर्षं भरली. चाळीस बादल्या मावतात तिच्यात. चाळीस." आणि सावकाश सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. "वळणावर-चढावर हिनं दिवसाला एखादी टाकली असेल, म्हणजे झाल्या चारपाच. घरी नेल्या तीन. बाकीच्या तिसांवर बादल्या कुठं गेल्या? कुणाकुणाच्या परसात?"

कुणीही कुणाकडे बघेना. सगळे आपापल्या बुटांकडे. मीही खाली पाहिलं, म्हणून मला दिसलं: रांगेच्या रांगेतले बूट, सगळ्यांचे, घोट्यापर्यंत मिठाच्या वाळल्या डागांनी पांढरे. मिसेस लम्बनी माझ्या पत्राची घडी घातली. आणखी एक घडी. आणखी एक. मग अगदी बारीक आवाजात, "माझ्या कोंबड्या… घसरत होत्या हो." आणि एकदम उठून, "मी चहा टाकते!"

अहो, माझ्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला! तीसच्या वर! आणि माझ्या तीन! मेबलची धरली तरी सव्वातीन! मी नऊ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. तेवढ्यात मिस्टर टॉर्डॉफ माझ्याकडे वळले.

"पण जाकीट तुझ्याच अंगावर होतं, पोरी."

श्वास गेला परत.

"हो," मी म्हटलं. "हो. आणि तुम्हाला तरी आधी सांगायला हवं होतं मी. रोज येत होते, रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज नुसता केक ठेवून परत यायचे. तुम्हाला कल्पना तरी कुठून असणार…"

त्यांची मिशी तेवढी जराशी हलली. त्यांनी मेबलकडे पाहिलं, मेबलनं त्यांच्याकडे. मग ती खुर्चीवर चढली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा कुजबुजीत म्हणाली,

"मी नाही हं सांगितलं तिला, की मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय म्हणून. तिचं तिनंच सांगितलं… आता केक बंद?"